अठ्ठ्याऐंशी अंशांना उकळणारं पाणी

नुब्रा खोऱ्यातल्या हुंदर गावच्या एखाद्या चांगल्या कॅम्पमध्ये रात्रीचं जेवण उरकून तंबूत परतावं, दुलईत पाय सरकवावेत, तर तळाशी काहीतरी गुबगुबीत आणि ऊन लागतं. रबरी पिशवी, गरम पाण्याची. आपण जेवत असताना कुणीतरी येऊन ती ठेवून गेलेलं असतं. मुलं आधी दचकतात, मग तिच्यावरून भांडतात. दोन लिटरच्या या पिशवीत पाणी दोन तृतीयांशच भरायचं, आतली हवा दाबून काढायची, मग बूच लावायचं आणि वर कापडी खोळ चढवायची. खोळ नसेल तर टॉवेलात गुंडाळायची. झोपेत अर्धा तास पोटरीला टेकून राहिलेली उघडी पिशवी फोड आणते, आणि लहान मुलांना ते सकाळपर्यंत कळतही नाही.

लडाखमधल्या आलिशान कॅम्पांच्या फोटोंत ही पिशवी कधी दिसत नाही. तिथे लाकडी डेक दिसतो, पितळी दिवे दिसतात, मागे बोडके डोंगर आणि पुढे वाफाळता कप. रात्रीचं भाडं पाच आकडी. एवढ्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे जायच्या आधी समजून घेतलं तर कुटुंबातली निम्मी चिडचिड घरीच राहते. या मुलखात ऐष म्हणजे गरम पाणी, कोरडी ऊब आणि न डगमगणारी फरशी. हे सगळं खालून ट्रकने आणलेलं, माणसांनी उचललेलं आणि म्हणून वेळापत्रकाला बांधलेलं असतं. हवा मात्र कुठलंच रिसॉर्ट देऊ शकत नाही.

हवेचा हिशोब असा. लेह 3,500 मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईच्या सुमारे 65 टक्के. पँगाँग तळ्याच्या काठावर तो साठाच्या आसपास उतरतो. खारदुंग ला या खिंडीत जेमतेम निम्मा. खिंडीतल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं, प्रत्यक्षात ती 5,359 मीटर, म्हणजे साधारण 17,600 फूट. फोटोसाठी पाटी ठीक आहे, पण तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये. मुलांना पळू देऊ नये आणि बर्फ पाहून अंगात येणाऱ्या काकांनाही आवरावं.

उंचीवर नुसतं जाण्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तिथे झोपल्याने. नियम साधा आहे: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज फार तर 500 मीटरने उंच असावी. मुंबई-पुण्याहून विमानाने येणारा माणूस पहिल्याच दिवशी हा नियम मोडतो. काल रात्री समुद्रसपाटीला, आज रात्री साडेतीन हजारावर. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही लक्षणं विमानातून उतरल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतात. म्हणून पहिल्या दुपारी सगळे ताजेतवाने असतात आणि ‘आम्हाला काही झालं नाही’ म्हणत बाजारात फिरायला जातात. रात्री दोन वाजता बिल येतं.

यावर एक फार चांगला उपाय आहे आणि तो टूरवाले सहसा सुचवत नाहीत. विमानतळावरून लेहमध्ये न थांबता गाडीने पश्चिमेला, सिंधूच्या काठाने खाली जायचं. साठ-सत्तर किलोमीटरवर अल्ची आणि उलेटोक्पो आहेत, उंची 3,100 मीटरच्या आसपास. तिथे नदीकाठी जर्दाळूच्या बागांत तंबूचे आणि दगडी कॉटेजचे कॅम्प आहेत. पहिल्या दोन रात्री इथे काढल्या तर शरीराला चारशे मीटरची सूट मिळते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अल्चीचं मठ-संकुल पाहावं. हजार वर्षांच्या घरातली भित्तिचित्रं, आत फोटोला बंदी, त्यामुळे मोबाइल खिशात आणि नजर भिंतीवर. रस्त्याच्या वरच्या उतारावर शापो दिसतात का तेही पाहायचं. ही लडाखी रानमेंढी दगडाच्या रंगाची असते. हलली तरच दिसते.

मग एक रात्र लेहला आणि तिथून नुब्रा. लेह ते हुंदर सव्वाशे किलोमीटर, पाच तास. वाटेत खारदुंग ला ओलांडावी लागते, पण झोपायला पुन्हा 3,100 मीटरवरच उतरायचं असतं, म्हणून नुब्रा कुटुंबांना मानवतं. इथे तीन रात्री राहावं. ‘तीन दिवस करणार काय?’ हा प्रश्न हमखास येतो. दोन वशिंडांचे उंट आणि वाळूच्या टेकड्या एका संध्याकाळी होतात. दिस्किटचा मठ आणि 32 मीटर उंच मैत्रेय बुद्ध एका सकाळी. 1971 पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात असलेलं तुर्तुक हा एक पूर्ण दिवस. उरलेला वेळ काहीच न करण्याचा. तोच खरा विकत घेतलेला असतो, आणि नेमका तोच आपल्याकडच्या सहलीत पहिल्यांदा कापला जातो.

पँगाँगबद्दल मत स्पष्ट आहे. पाच वर्षांखालची मुलं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेले आजी-आजोबा सोबत असतील तर तिथे मुक्काम करू नये, तंबू कितीही देखणा असो. हुंदरहून थेट पँगाँगला झोपायला जाणं म्हणजे एका दिवसात 1,100 मीटरची उडी, आणि बहुतेक पॅकेजांत नेमकं हेच लिहिलेलं असतं. जायचंच तर अलीकडे तांगत्सेला झोपावं आणि पहाटे निघून तासाभरात तळ्यावर पोचावं. पहाटेच निघायला आणखी एक कारण आहे. वाटेत ‘पागल नाला’ लागतो. सकाळी त्यातून घोटाभर पाणी वाहतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला गाडी अडवतो. नाव उगाच पडलेलं नाही.

आता तंबू. ‘तंबू’ म्हटलं की एनसीसीचा कॅम्प आठवणाऱ्यांनी ती आठवण बाजूला ठेवावी. चांगला स्विस तंबू म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा, बाहेर जाड कॅनव्हास, आत सुती अस्तर आणि दोहोंच्या मध्ये वीतभर हवा. ऊब ही मधली हवा धरून ठेवते, कापड नव्हे. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच लाकडी फळ्यांचा पाया, त्यावर गालिचा, पुढे ओसरी, मागे फरशी घातलेली न्हाणी. खोली दाखवली की आधी बिछान्याचा फोटो न काढता खाली वाकून पाहावं. पाया आणि कापड यांच्यात बोटभर फट असेल तर रात्री तिथून वारा शिरणार. फट जाड चादर दाबून बंद करता येते, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

तंबूत सगळ्यात आधी कुरकुरते ती चेन. हुंदरची वाळू पिठासारखी बारीक, ती चेनच्या दातांत बसते आणि सरकवायचा धावता अडकतो. मग मुलं ओढतात आणि चेन उसवते. साधी मेणबत्ती घेऊन दातांवर दोन्ही बाजूंनी घासावी. मेणबत्ती नसेल तर शिसपेन्सिलीचं टोकही चालतं. तेल अजिबात लावू नये, ते आणखी वाळू धरतं. चेन उघडताना एका हाताने कापड ताणून धरायचं आणि धावता सरळ रेषेत न्यायचा. रात्री बाहेर जायला उठलेल्या माणसाला हे जमलं नाही तर अख्खा तंबू जागा होतो.

तंबू उबदार करण्याच्या पद्धती तीन-चार, आणि बुकिंग करतानाच विचारायला हवं की आपल्या तंबूत कोणती. विजेवर तापणारी गादीवरची चादर सगळ्यात सोयीची. झोपण्याआधी अर्धा तास लावायची, झोपताना बंद करायची. तेलभरला रेडिएटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे जनरेटर रात्री अकराला बंद झाला तरी तासभर ऊब राहते. बुखारी म्हणजे पत्र्याची उभी शेगडी. खाली राखेचा खण, मध्ये लाकडाचं दार, वर धुराडं. धुराडं तंबूच्या कापडातून बाहेर जातं तिथे पत्र्याची चकती बसवलेली असते. धुराड्याचे तुकडे एकमेकांत नीट बसलेत ना आणि लाकूड कोरडं आहे ना, एवढं पाहावं. ओलं लाकूड सूं सूं करतं आणि धूर आत सोडतं. आणि गॅसवर चालणारी उघडी शेगडी कुणी आत आणून ठेवली तर ती हात जोडून परत पाठवावी.

इथे जरा थांबून सांगायला हवं. बंद जागेत जळणारं काहीही कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतं, आणि विरळ हवेत ज्वलन अपुरं राहत असल्याने धोका वाढतो. या विषबाधेची लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, गळाठा. म्हणजे हुबेहूब उंची लागल्यासारखीच. सगळं कुटुंब ‘उंचीमुळे डोकं दुखतंय’ म्हणत दार आणखी घट्ट लावून झोपतं. फरक ओळखायची खूण अशी: उंचीचा त्रास प्रत्येकाला वेगळ्या वेळी, वेगळ्या प्रमाणात होतो. तंबूतल्या सगळ्यांचं डोकं एकदमच धरलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर काही वेळात उतरू लागलं, तर शंका शेगडीची. उतरलं तरी परत आत जाऊन झोपायचं नाही, शेगडी विझवायची आणि डॉक्टर गाठायचा. बॅटरीवरचं मोनॉक्साइड-सूचक यंत्र हाताच्या पंजाएवढं असतं. चार जणांच्या सहलीत एखादी शाल कमी न्यावी, पण हे न्यावं.

गरम पाण्यावरून कॅम्पांत जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील, आणि बहुतेकदा चूक कुणाचीच नसते. साध्या गणिताची असते. न्हाणीत 15 लिटरचा, दोन किलोवॉटचा गीझर आहे असं धरा. टाकीतलं पाणी सकाळी पाच अंशांवर. ते 65 अंशांपर्यंत न्यायला अर्धा तास लागतो. त्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं चाळीस अंशांचं केलं तर होतं साधारण 25 लिटर, म्हणजे दीड बादली. एकाची अंघोळ झाली की पुढच्यासाठी पुन्हा अर्धा तास. चौघांना दोन तास. हे झालं वीज पूर्ण 230 व्होल्टने येत असताना. जनरेटर सगळ्या तंबूंचे गीझर एकदम ओढत असतो तेव्हा दाब 180 वर येतो आणि मग त्याच पाण्याला पन्नास मिनिटं लागतात. म्हणून दोघांनी रात्री जेवणाआधी आणि दोघांनी सकाळी अंघोळ करावी. शॉवर सोडून बादली-तांब्या मागावा. सौर नळ्यांवर तापणारं पाणी असेल तर ते दुपारी चार-पाचला सगळ्यात कढत मिळतं, पहाटे नव्हे. पँगाँगकडे तर बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळात बादलीच मिळते. पहिल्या दिवशी लेहमध्ये डोक्यावरून न्हाण्याचा हट्ट कुणीच धरू नये, दमणूक नको.

सप्टेंबर सरत आला की नळ रात्री गोठतात. कॅम्पचे लोक संध्याकाळी पाइप रिकामे करतात किंवा नळाची धार बारीक चालू ठेवतात. ती धार ‘पाणी वाया जातंय’ म्हणून आपल्यातला एखादा शिस्तप्रिय माणूस बंद करतो, आणि सकाळी पाइप फुटलेला असतो.

स्वयंपाकघरातही उंचीचीच सत्ता. लेहला पाणी 88 अंशांना उकळतं, पँगाँगला 86 च्या आसपास. पातेल्यात तुरीची डाळ कितीही वेळ खदखदू दे, दाणा आतून टचटचीतच राहतो. कुकर लावला तरी आतलं तापमान आपल्या घरच्या 120 अंशांऐवजी 115 पर्यंतच जातं, कारण शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर भर घालतं आणि बाहेरचाच दाब कमी. त्यामुळे तूर, राजमा, छोले यांना घरच्यापेक्षा बराच जास्त वेळ द्यावा लागतो. घाईत असलेला आचारी तो देत नाही. अर्धवट शिजलेला राजमा आणि वरून कमी दाब, म्हणजे पोटातला वायू दीडपट फुगणार. रात्रभर तंबूत जे होतं ते सांगायला नको. मुलांसाठी मुगाच्या डाळीची खिचडी सांगावी. मूग लवकर शिजतो, आणि आदल्या जेवणाच्या वेळी सांगितलं तर कुठलाही कॅम्प आनंदाने करतो. लडाखी स्क्यूही मुलांना आवडतं. अंगठ्याने दाबून केलेल्या कणकेच्या वाट्या भाजीच्या रश्श्यात शिजवलेल्या. आपल्या वरणफळांचं चुलत भावंडच ते.

सामानातल्या बंद गोष्टीही फुगतात. घरून नेलेल्या बाकरवडीचं पाकीट उशीसारखं टम्म होतं. शाम्पूची आणि उन्हाच्या मलमाची बाटली उघडताच भसकन बाहेर येते. टोपण मोरीवर धरून, तोंड वर करून उघडावं आणि आधी हवा जाऊ द्यावी. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी मुलांच्या नाकातून रक्ताचा थेंब येतो. झोपताना नाकपुडीच्या कडेला साजूक तूप किंवा व्हॅसलीन. ऊन मात्र गारव्यात जाणवतच नाही आणि कान, मानेची मागची बाजू भाजून निघते.

उंचीच्या त्रासावरच्या औषधांबाबत थोडक्यात. डायमॉक्स नावाने मिळणारं ॲसिटाझोलामाइड मोठ्या माणसांना सहसा 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, ते औषधाचंच लक्षण. बोलता न येणारं बाळ डोकं दुखतंय असं सांगणार नाही. ते दूध नाकारेल, विनाकारण किरकिर करेल, नीट झोपणार नाही. झोपेत श्वास आठ-दहा सेकंद थांबून मग जोरात सुरू होणं मोठ्या माणसांतही इथे नेहमीचं आहे. शेजारी जागं असलेलं माणूस मात्र घामाघूम होतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहमध्ये 85 ते 92 असा आकडा दिसला तर घाबरू नये. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर तो आणखी खाली दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावं. सरळ रेषेत चालता न येणं, बडबडणं, बसल्याजागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. लेहचं सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय या कामात मुरलेलं आहे. दुकानात मिळणारा प्राणवायूचा हलका डबा दहा लिटरचा असतो. मिनिटाला दोन लिटर धरले तर तो पाच मिनिटांत संपतो. कॅम्पला विचारायचं ते हे: प्राणवायूचं यंत्र आहे का, आणि जनरेटर बंद असताना ते कशावर चालतं?

हुंदरच्या कॅम्पमधून बहुतेकदा एक हातभर रुंद पाट खळखळत जातो. त्याला लडाखीत युरा म्हणतात. तो शोभेचा नाही. वरच्या हिमाचं पाणी गावच्या शेतात पोचवणारा तो पाट आहे. लडाखात वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडे आषाढात एखाद्या दुपारी पडतो तेवढा. म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरवायला गावोगाव चुरपोन नेमलेला असायचा, आणि घरोघरी बिनपाण्याचं, मातीवर चालणारं संडास. त्याचं खत वसंतात शेतात जायचं. फ्लश आणि टब मागणारे आपण आलो तेव्हा हे गणित बदललं. कॅम्प निवडताना सांडपाणी कुठे जातं हे विचारलं तर समोरचा आधी चमकतो, पण ज्याच्याकडे उत्तर असतं तो हौसेने नेऊन शोषखड्डा दाखवतो. युरामध्ये मुलांनी कागदी होड्या सोडायला हरकत नाही. साबणाचे पाय मात्र धुवू नयेत, खालच्या अंगाला कुणीतरी तेच पाणी भरतं. आणि कॅम्पची जागा पाहताना कोरड्या नाल्याच्या तोंडाशी तंबू नाहीत ना, एवढं बघावं. 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहवर ढगफुटी झाली तेव्हा मातीचे लोंढे उतारांवरून आणि नाल्यांतूनच खाली आले होते.

सुट्ट्यांचं म्हणाल तर मराठी शाळांचं वेळापत्रक लडाखला फारसं जुळत नाही. मेच्या उत्तरार्धात जमतं, रात्री कडाक्याच्या. दिवाळीत बरेचसे कॅम्प गुंडाळलेले असतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हे दिवस उत्तम, म्हणजे नेमके गणपतीचे. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा असतो त्यांना विसर्जनानंतर निघता येईल. तारीख धरताना अमावस्या जवळ आहे का तेही पाहावं. जनरेटर बंद झाल्यावर पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत. आकाशगंगा खारदुंगच्या बाजूच्या कड्यापासून पार पलीकडच्या कड्यापर्यंत पसरलेली दिसते. त्या वेळी मोबाइलची विजेरी लावणाऱ्याला घरातल्याच कुणीतरी दटावावं.

परतीचं विमान सकाळचं असतं, म्हणून शेवटची रात्र लेहमध्येच. बॅग भरताना पाण्याची एक रिकामी बाटली झाकण घट्ट लावून कपड्यांत ठेवून द्यावी. मुंबईत घरी बॅग उघडली की ती बाटली दोन्ही बाजूंनी चेपलेली, आत ओढलेली निघते. झाकण फिरवलं की ‘फस्स’ होऊन हवा आत शिरते आणि ती टणकन सरळ होते. मुलांना झाकण फिरवू द्यावं.